अनलिमिटेडच्या वरचं अनलिमिटेड काय असतं? फराळाच्या साइटला होस्टिंग सुचवा (बडोदा)

रावपुऱ्याची_सून

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये, सांभाळून घ्या.

आमच्या सासूबाईंचा फराळाचा घरगुती धंदा आहे, रावपुऱ्यात घरूनच, म्हणजे खालचा मजला आता त्यातच गेलाय. चकली, करंजी, अनारसे, भाकरवडी आणि आपला बडोद्याचा लीलो चेवडो. आधी सगळं फोन आणि वहीवर चालायचं, मग मी वर्डप्रेसवर वूकॉमर्स (दुकानाचं प्लगिन) टाकून साइट केली. नव्वदेक वस्तू आहेत, मराठी गुजराती इंग्रजी तीन भाषा, यूपीआय आणि कार्डासाठी पेमेंट गेटवे. गिऱ्हाईक बडोदा-पुणे-मुंबईचं जास्त, थोडं न्यू जर्सीचंही, तिकडचे लोक पैसे भरतात आणि डबा इकडे आईवडलांकडे जातो.

होस्टिंग शेअर्ड आहे (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), "अनलिमिटेड" बघून घेतलेलं, कंपनीचं नाव लिहीत नाही. वर्षभर काही त्रास नाही. पण गेल्या दिवाळीला नणंदबाईंनी रात्री नऊला बुकिंग सुरू झाल्याची लिंक सगळ्या ग्रुपांवर टाकली आणि दोन मिनिटांत साइटवर "५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड". लोक स्क्रीनशॉट काढून आम्हालाच पाठवतायत, खाली सासूबाई विचारतायत ऑर्डरी का येत नाहीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही जणांचे पैसे कापले गेले आणि आमच्याकडे ऑर्डर नुसती "पेंडिंग". दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करून जुळवत बसलो.

सपोर्टला विचारलं तर म्हणे वरचा प्लॅन घ्या. तो आत्ताच्या तिप्पट आणि त्यातही अनलिमिटेडच लिहिलंय. मग आत्ता जे आहे ते काय होतं?

आता गणपती बसलेत, म्हणजे नवरात्र आलीच, कोजागिरीनंतर बुकिंग उघडायचं आहे. शेअर्ड, क्लाउड, व्हीपीएस, मॅनेज्ड, सगळं वाचून डोकं फिरलंय. आमच्यासारख्या साइटला नक्की काय लागतं आणि ते ठरवायचं कसं, कोणी सांगेल का?

मांजलपूरचा_देव

ताई सरळ व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर) घ्या, एवढं डोकं लावू नका. २ जीबी रॅम, २ कोअर, मुंबई किंवा बेंगळुरूचं डेटा सेंटर निवडा, उबंटू टाका, वर एनजिनएक्स, पीएचपी, मारियाडीबी, रेडिस. महिन्याला आत्ताच्या प्लॅनपेक्षा थोडेच जास्त पडतील आणि मशीन फक्त तुमचं. शेअर्डमध्ये शेजाऱ्याची साइट चढली की तुमची बसते, हा प्रकारच नको. मी चार-पाच गिऱ्हाइकांना असंच करून दिलंय, मस्त चाललंय.

वाडीतला_वाचक

साइट कशाला पाहिजे म्हणतो मी. आमच्या मातोश्री अजून वहीत ऑर्डर घेतात, वही कधी ५०८ देत नाही 😄

रावपुऱ्याची_सून

@वाडीतला_वाचक दादा, वहीत "कुलकर्णी, २ किलो" असं लिहिलेलं असायचं आणि कुलकर्णी चार. असो.

@मांजलपूरचा_देव थँक्यू. पण ते टाकल्यानंतर बघायचं कोणी? मला फाइल मॅनेजर उघडून प्लगिन डिलीट करता येतं, तेवढीच माझी मजल.

जुना_सिसअ‍ॅडमिन

देव, घाई करतोयस. बाई काय विकतात ते तू वाचलंस, साइट कुठे अडली ते विचारलंच नाहीस.

ताई, ५०८ हा साधा सर्व्हर बंद पडल्याचा एरर नव्हे. शेअर्ड होस्टिंगवाले बहुतेक क्लाउडलिनक्स वापरतात, त्यात प्रत्येक खात्याला वेगवेगळ्या मर्यादा बांधलेल्या असतात: सीपीयू, मेमरी, डिस्कचा वेग, एकूण फायली, आणि एंट्री प्रोसेस म्हणून एक आकडा असतो. एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी तुमच्या साइटवर किती पीएचपी विनंत्या चालू असू शकतात. बऱ्याच ठिकाणी हा २० असतो. तो भरला की पुढच्या माणसाला ५०८. "अनलिमिटेड" हे जाहिरातीत जागेला आणि ट्रान्सफरला लावलेलं असतं, ह्या मर्यादांना कोणीच अनलिमिटेड म्हणत नाही, त्या बारीक अक्षरात कुठेतरी असतात नाहीतर विचारल्याशिवाय सांगतच नाहीत.

तेव्हा प्लॅन बघायच्या आधी एवढं करा. सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये) "रिसोर्स यूसेज" उघडा, गेल्या दिवाळीचा डेटा आता नसेल कदाचित पण मर्यादा काय आहेत ते दिसेल. मग क्वेरी मॉनिटर नावाचं फुकट प्लगिन टाका आणि दुपारी साइट शांत असताना एखाद्या फराळाच्या पानावर लॉगिन करून बघा, वर काळ्या पट्टीत पान तयार व्हायला किती सेकंद लागले आणि डेटाबेसला किती क्वेरी गेल्या ते येतं. अ‍ॅनालिटिक्समध्ये त्या रात्री नऊ ते नऊ-पाचला किती लोक होते तेही बघा. आणि फाइल मॅनेजरजवळ "इनोड" किंवा फाइल काउंट लिहिलेला असेल तो. हे आकडे इथे टाका, मग बोलू. कुठला प्लॅन हा प्रश्न त्याच्या आधी विचारून उपयोग नाही, डॉक्टरसुद्धा रिपोर्ट बघितल्याशिवाय गोळी देत नाही.

रावपुऱ्याची_सून

काका (काकाच ना? नावावरून वाटलं), काढले आकडे.

एंट्री प्रोसेस मर्यादा २०. सीपीयू १००% लिहिलंय, खाली १ कोअर. मेमरी १ जीबी. आयओ (डिस्कचा वेग) १ एमबी प्रति सेकंद. फायली १,८६,००० आणि मर्यादा २,००,००० (हे बघून घाबरले, फोटो तर एवढे नाहीतच). क्वेरी मॉनिटरमध्ये "दिवाळी स्पेशल डबा" पानाला १.१ सेकंद आणि २८० क्वेरी. त्या पाच मिनिटांत अ‍ॅनालिटिक्सला ५९० लोक दिसतायत, नंतर साइटच पडली म्हणून पुढचं काही नाही. पीएचपी ७.४ आहे. कॅशचं (तयार पान साठवून देणारं) प्लगिन टाकलेलं आहे, चालू आहे. नणंदबाईंच्या लिंकला शेवटी प्रश्नचिन्ह आणि यूटीएम असतं, कुठल्या ग्रुपातून किती आले ते त्यांना बघायचं असतं.

जुना_सिसअ‍ॅडमिन

काकाच, चालेल.

आता बघा, हिशोब तुमच्याच आकड्यांत आहे. ३०० सेकंदांत ५९० लोक म्हणजे सेकंदाला दोन. प्रत्येक माणूस आला की एक पान, आणि वूकॉमर्सच्या बऱ्याच थीम प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यातली पिशवी ताजी करायला मागून आणखी एक विनंती पाठवतात, कार्ट फ्रॅगमेंट म्हणतात त्याला. वूकॉमर्स ७.८ पासून, म्हणजे २०२३ पासून, ते सगळीकडे आपोआप लागत नाही, पण थीमनेच मागितलं असेल तर अजून चालूच असतं. म्हणजे सेकंदाला चार पीएचपी विनंत्या. तुमचं पान शांत वेळेला १.१ सेकंद घेतं आणि कोअर एकच, म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला एक विनंती संपते. चार येतात, एक जाते, तीन साचतात. सात सेकंदांत वीस जागा भरल्या, एकविसाव्या माणसाला ५०८. म्हणून सांगतो, तुमची एंट्री प्रोसेसची मर्यादा कमी होती असं नाही, काम संपतच नव्हतं म्हणून ती भरली. वरच्या प्लॅनमध्ये २० च्या ४० केल्या आणि कोअर तेवढाच ठेवला तर साइट सात सेकंदांऐवजी चौदा सेकंदांत बसेल. एवढाच फरक पडेल, तिप्पट पैसे देऊन.

खरा प्रश्न तर असा आहे की कॅश चालू असताना हे पान पीएचपीपर्यंत गेलंच का. कॅशवाल्या साइटला फराळाचं पान एकदा तयार करून ठेवायचं आणि सगळ्यांना तेच द्यायचं, त्यात ना डेटाबेस ना पीएचपी. आणि इथे ते यूटीएम येतं. काही कॅश प्लगिनं पत्त्यात प्रश्नचिन्ह दिसलं की कॅश बाजूला ठेवून नवीन पान बनवतात, काही प्रत्येक वेगळ्या शेपटीची वेगळी प्रत साठवतात. तुमचे ५९०च्या ५९० लोक यूटीएमवाल्या लिंकनेच आले होते, तेव्हा कॅश असून नसल्यासारखी. सेटिंगमध्ये "इग्नोर क्वेरी स्ट्रिंग" किंवा तसल्या नावाचा रकाना असेल, त्यात यूटीएमची नावं आणि एफबीसीएलआयडी घाला, फेसबुकवरून आलेल्या प्रत्येकाला ती वेगळी शेपटी लागते. तुमच्या १,८६,००० फायलींमधल्या बऱ्याचशा ह्या कॅशच्या फोल्डरमध्ये सापडतील, पैज लावतो. बाकी वर्डप्रेसच्या प्रतिमा. फोनवरून काढलेला मोठा फोटो एक चढवला की वर्डप्रेस स्वतःची सहा मापं, एक "स्केल्ड" आणि वूकॉमर्स आणखी तीन अशी कापून ठेवतं, मूळ धरून अकरा फायली. इनोड भरले की नवीन ऑर्डरची पावती सुद्धा लिहिता येत नाही, तेव्हा ते आधी साफ करा.

आता कॅश नीट चालली असं धरा. तरी कार्ट, चेकआउट आणि "माझं खातं" ही पानं कॅश करताच येत नाहीत, करूही नयेत, नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसेल. त्या रात्री १०० जणांनी खरोखर ऑर्डर केली आणि प्रत्येकाने पिशवीत टाकण्यापासून पैसे भरेपर्यंत सहा-सात विनंत्या केल्या तर ६००-७००, त्या पंधरा मिनिटांत पसरल्या तर सेकंदाला एकसुद्धा नाही. सगळे एकदम आले तरी दोन-अडीच. म्हणजे तुम्हाला लागतात खरे चांगले दोन कोअर, पीएचपी ८.२ किंवा वरचं, डिस्क एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), आणि जमलं तर रेडिस (डेटाबेसची उत्तरं मेमरीत धरून ठेवणारं). ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय, सुरक्षेचे पॅचसुद्धा येत नाहीत, शिवाय ८ ची मालिका वेगवान आहे. तो बदल तर आजच्या होस्टिंगवरही सीपॅनलमध्ये एका क्लिकवर होतो, फक्त आधी प्लगिनं अपडेट करा आणि स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) बघा.

पैसे कापून पेंडिंग राहिल्याचं कारणही हेच. गेटवे पैसे घेतल्यावर तुमच्या साइटला वेबहुक पाठवून कळवतं, तुमची साइट त्याही विनंतीला ५०८ देत होती. गेटवे ते पुन्हा पुन्हा पाठवतं पण साइट उठेपर्यंत हाल. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकची यादी असते, फेल झालेले तिथे दिसतात, एकेकाला फोन करायच्या आधी तिथे बघायचं.

आणि देव, व्हीपीएस वाईट नाही. पण २ जीबीच्या मशीनवर मेमरी भरली की लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारून टाकतो, ती बहुतेक वेळा डेटाबेसच असते, आणि ते होणार दिवाळीच्या आदल्या रात्री साडेअकराला. तेव्हा ताईंनी एसएसएच उघडायचं (सर्व्हरवर शिरून कमांड द्यायच्या) की चकल्या मोजायच्या? सिक्युरिटी पॅच, फायरवॉल, बॅकअप, सगळं अंगावर. शिवाय मेल. अ‍ॅमेझॉनवर पोर्ट २५ (मेल पाठवायची वाट) मुळातच बंद ठेवलेलं असतं, डिजिटल ओशनवर मेलची इतर पोर्टंही, तेव्हा ऑर्डरची पावती पाठवायला वेगळी मेल सर्व्हिस लागतेच.

मांजलपूरचा_देव

काका, आकडे बघितल्यावर मान्य, ताईंना व्हीपीएस नको. पण शेअर्डवर २ कोअर लिहिलेले असले तरी ते "उरले तर" मिळतात हे पण सांगा ना. म्हणून मी म्हणेन मॅनेज्ड वर्डप्रेस, किंवा मॅनेज्ड व्हीपीएस, म्हणजे मशीन वेगळं पण पॅच-बॅकअप त्यांचं काम. आणि लाइटस्पीड सर्व्हर असेल तिथेच बघा, त्याचं कॅश प्लगिन सर्व्हरच्या पातळीवर चालतं, पान देताना पीएचपी उठतच नाही. ते प्लगिन अपाचेवर (दुसऱ्या वेब सर्व्हरवर) टाकून लोक खुश होतात, तिथे पानांची कॅश त्याने होत नाही, लाइटस्पीड किंवा त्यांचं क्विक क्लाउड असलं तरच होते.

ताई अजून एक, तुमच्या वस्तूंच्या लिंका मराठीत आहेत का? मराठी अक्षर लिंकमध्ये गेलं की एका अक्षराचे नऊ कॅरेक्टर होतात, टक्के-ई-शून्य वगैरे, आणि वर्डप्रेसला त्या खान्यात २०० ची मर्यादा आहे, म्हणजे बावीस अक्षरांनंतर नाव तुटतं, काना-मात्रा पण वेगळ्या मोजतात. "दिवाळी फराळ स्पेशल मोठा डबा" अर्धवटच राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केलं की ती चार ओळींची शेपटी दिसते. नाव मराठीत ठेवा, लिंक रोमन अक्षरांत.

रावपुऱ्याची_सून

अगोबाई, म्हणून ती लिंक तशी दिसते होय! नणंद म्हणायची व्हायरस वाटतो लोकांना.

काका, कॅश फोल्डर उघडलं. १,१२,००० फायली तिथेच. साफ केल्या. तुमची पैज जिंकलात, चेवडा पाव किलो लागला.

न्यू जर्सीचं काय? त्यांच्यासाठी अमेरिकेत सर्व्हर घेतला तर?

जुना_सिसअ‍ॅडमिन

नको. दहापैकी आठ गिऱ्हाइकं इथली, सर्व्हर मुंबईत ठेवा. बडोद्याहून मुंबई चारशे किलोमीटर, फायबरमधून जायला-यायला काही मिलिसेकंद. अमेरिकेतून मुंबईला एक फेरी म्हणजे साधारण २०० मिलिसेकंद, आणि पहिलं पान यायच्या आधी जोडणी, टीएलएस (सुरक्षित जोडणीची बोलणी) आणि मग विनंती अशा तीन फेऱ्या तरी होतात, म्हणजे सहाशे मिलिसेकंद नुसत्या रस्त्यातच गेले. सर्व्हर तिकडे नेला तर हा भुर्दंड पुणे-मुंबईवाल्यांना बसेल, प्रत्येक चेकआउटला. क्लाउडफ्लेअरचा (साइटच्या प्रती जगभर ठेवणारी सेवा) फुकट प्लॅन पुढे लावा, फोटो आणि सीएसएस न्यू जर्सीवाल्यांना तिकडूनच मिळतील, चेकआउटला अर्धा सेकंद उशीर लागला तर ते आईवडलांच्या फराळासाठी थांबतील.

जाहिरातीत "इंडिया सर्व्हर" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, शहर कुठलं विचारा आणि टेस्ट आयपी मागा, पिंग करून बघा. २०० मिलिसेकंदांच्या वर आलं तर इंडिया सर्व्हर अमेरिकेत आहे.

कारेलीबाग_सीए

टेक्निकल मला कळत नाही पण बिलाचं सांगते, कारण फटका तिथेही बसतो.

पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा भाव विचारा, तो बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट असतो. दिसतो त्यावर १८% जीएसटी वेगळा. सासूबाईंच्या धंद्याला जीएसटी नंबर असेल तर खात्यात तो आधीच घाला म्हणजे क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर क्रेडिट विसरा. परदेशी कंपनीने जीएसटी न लावता बिल दिलं आणि तुम्ही रजिस्टर्ड असाल तर रिव्हर्स चार्जने तो जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो, तेव्हा स्वस्त दिसतं तेवढं स्वस्त नसतं.

आणि ऑटो रिन्यूवर बिनधास्त राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप कापायला वेगळं मॅन्डेट (आधी दिलेली परवानगी) लागतं, आणि १५,००० च्या वर (ही मर्यादा जून २०२२ पासून) दर वेळी ओटीपी. कितीतरी परदेशी कंपन्यांचं आपल्या कार्डावरचं ऑटो रिन्यू तेव्हापासून फेलच होतं, मेल येतो तो स्पॅममध्ये, आणि एक दिवस डोमेन संपलेलं. माझ्या एका क्लायंटचं अगदी धनत्रयोदशीला संपलं होतं. डोमेन वेगळ्या ठिकाणी ठेवा, होस्टिंगबरोबर "फ्री" मिळालेलं घेऊ नका, भांडण झालं तर डोमेन हातात असलेलं बरं. कॅलेंडरमध्ये तारीख टाका.

केवायसी मागितलं तर घाबरू नका, २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशाने डेटा सेंटर आणि व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाची खरी माहिती पाच वर्षं ठेवावी लागते.

युनिवर्सिटी_रोड_२१

धागा हायजॅक करत नाही पण माझा जँगोचा (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्ट आहे, एमएसयूमध्ये शेवटचं वर्ष, लाइव्ह चॅट आहे त्यात. हेच मॅनेज्ड वर्डप्रेस चालेल का? बजेट शून्य.

मांजलपूरचा_देव

नाही रे, मॅनेज्ड वर्डप्रेसवर वर्डप्रेसच चालतं. लाइव्ह चॅटला वेबसॉकेट म्हणजे प्रोसेस सतत जिवंत पाहिजे, साध्या शेअर्डवर सीपॅनलच्या पायथन अ‍ॅपने जँगो उठेल पण वेबसॉकेट रडवेल. तुला खरंच व्हीपीएस पाहिजे किंवा रेंडरसारखं (अ‍ॅप चालवून देणारी सेवा) काहीतरी. हेरोकूचा फुकट प्लॅन नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला. रेंडरचं फुकट आहे पण १५ मिनिटं कोणी आलं नाही की झोपतं, उठायला मिनिटभर घेतं. व्हायवाच्या दहा मिनिटं आधी एकदा उघडून ठेव, बास.

वाडीतला_वाचक

आमच्या मंडळाची साइट आहे, गणपतीचा कार्यक्रम, चार फोटो आणि वर्गणीदारांची यादी. तिला पण दोन कोअर का?

जुना_सिसअ‍ॅडमिन

तिला कोअरच नको. एचटीएमएलची चार पानं करा आणि गिटहब पेजेसवर फुकट ठेवा, १ जीबीपर्यंत साइट चालते. दुकान मात्र तिथे चालवायला परवानगी नाही, म्हणून ताईंना सांगितलं नाही. आणि वर्गणीदारांच्या यादीतले फोन नंबर काढा बरं त्याच्यावरून.

रावपुऱ्याची_सून

मंडळी, तुमच्या सांगण्याप्रमाणे तीन ठिकाणी सेल्सला लिहून विचारलं. डेटा सेंटर कुठलं शहर, किती कोअर, एंट्री प्रोसेस किंवा पीएचपी वर्कर किती, आयओ किती, फायली किती, रेडिस आहे का, बॅकअप किती दिवसांचा आणि परत टाकायला पैसे लागतात का, रिन्यूअल किती.

पहिल्याने पुन्हा "अनलिमिटेड सर" असं उत्तर दिलं. मी सर नाही हे पण वाचलं नाही. दुसऱ्याने सगळे आकडे दिले पण बॅकअप आठवड्यातून एकदा, आणि परत टाकायचे पैसे. तिसऱ्याचं: मुंबई, २ कोअर, ३ जीबी, वर्कर ४०, फायली ४ लाख, लाइटस्पीड, रेडिस, रोजचा बॅकअप ३० दिवस, परत टाकणं फुकट. रिन्यूअल आत्ताच्या माझ्या प्लॅनच्या पावणेदोन पट. स्टेजिंग देतात, हलवून पण देतो म्हणाले.

तिसरं घ्यावं असं वाटतंय. फक्त सासूबाई म्हणतायत पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नाही, आणि विसर्जन तर आलंच.

मांजलपूरचा_देव

ताई रोजचा बॅकअप म्हटलं तरी दिवाळीत रोजचा पुरत नाही, सकाळी बॅकअप आणि संध्याकाळी साइट गेली तर दिवसभराच्या ऑर्डरी गेल्या. बुकिंगच्या आठवड्यात डेटाबेसचा बॅकअप तासा-तासाला अपड्राफ्टने (बॅकअपच्या प्लगिनने) गुगल ड्राइव्हवर टाका, त्याच सर्व्हरवर नको. आणि त्यांच्या मायग्रेशनवाल्यांना डेटाबेस यूटीएफ८एमबी४ (मराठी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) आहे ना ते बघायला सांगा. जुन्या लॅटिनमधून नीट न काढता आणलं की "करंजी"च्या जागी सगळी प्रश्नचिन्हं.

जुना_सिसअ‍ॅडमिन

तिसरं घ्या. पैसे अनंत चतुर्दशीच्या आत भरा म्हणजे घेणं पितृपक्षात होत नाही. हलवाहलव मात्र पितृपक्षातच करा, त्या पंधरा दिवसांत फराळ कोणी मागवत नाही, साइट हलवायला वर्षातला तेवढा चांगला काळ दुसरा नाही. सासूबाईंना सांगा वस्तू जुनीच आहे, फक्त जागा बदलतोय.

हलवायच्या दोन दिवस आधी डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा, ३०० करा, म्हणजे पत्ता बदलल्यावर पाच मिनिटांत बहुतेकांना नवीन सर्व्हर दिसेल. नवीन जागेवर साइट आधी संगणकाच्या होस्ट फाइलमधून (तिथे नवीन सर्व्हरचा आयपी लिहून) उघडून बघा, एक रुपयाची चाचणी वस्तू करून खरं पेमेंट करा, वेबहुक येतो का बघा, पावतीचा मेल जीमेलला इनबॉक्समध्ये पडतो का स्पॅममध्ये ते बघा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल एसपीएफ-डीकेआयएमशिवाय (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा हे सांगणाऱ्या नोंदींशिवाय) आलेल्या मेलला फार त्रास देतं आणि डीएनएस हलवताना नेमक्या त्याच नोंदी मागे राहतात. वर्डप्रेसचं क्रॉन (ठरल्या वेळची मागची कामं) बंद करून सर्व्हरचं खरं क्रॉन दर पाच मिनिटांनी लावायला सांगा, नाहीतर ते गर्दीतच गिऱ्हाइकाच्या विनंतीच्या पाठीवर बसून चालतं. हलवण्याच्या वेळेत ऑर्डर बंद ठेवा, जुन्या जागेवर पडलेली ऑर्डर नवीनवर येत नाही. जुनं होस्टिंग महिनाभर तसंच राहू दे.

आणि नणंदबाईंना म्हणावं सगळ्या ग्रुपांवर एकदम नऊला टाकू नका. पुण्याच्या ग्रुपांना नऊ, बडोद्याच्यांना सव्वानऊ, न्यू जर्सीवाल्यांना त्यांची सकाळ. ह्याला होस्टिंग लागत नाही.

रावपुऱ्याची_सून

भरले पैसे आत्ताच, सासूबाईंच्या हातून ओटीपी टाकून घेतला 😄 बिलावर जीएसटी नंबर बरोबर आलाय. पीएचपी जुन्या जागेवरच ८.२ केलं तर तेच डब्याचं पान १.१ वरून ०.७ सेकंदांवर आलं, यूटीएमची नावं पण त्या रकान्यात घातली. टीटीएल कुठे बदलायचा, डोमेनवाल्याकडे का होस्टिंगवाल्याकडे?

जुना_सिसअ‍ॅडमिन

नेमसर्व्हर ज्याचे लावलेत त्याच्याकडे. क्लाउडफ्लेअर आधी लावलंत तर तिथे, आणि ढग केशरी ठेवलात (म्हणजे येणारे सगळे आधी क्लाउडफ्लेअरमधून जातात) तर टीटीएलचा विचारच नको, फक्त आतला आयपी बदलायचा.

चेवडा पाव किलो, विसरू नका. कमी तिखट.